कुलूप दुसऱ्याचें, आठवण आमची

कोल्हापुरांत खरी कॉर्नरपाशीं कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. परगांवचा पाहुणा बरोबर असला म्हणजे आम्ही त्यास तेथें मुद्दाम थांबवितों आणि मोठ्या अभिमानानें सांगतों कीं, कलामहर्षि बाबूराव पेंटर यांनीं परदेशी यंत्राची वाट न पाहतां चलच्चित्रें टिपणारा कॅमेरा याच शहरांत स्वतः घडविला. हें काम त्यांनीं व आनंदराव पेंटर यांनीं मिळून आरंभिलें होतें. १९१६ सालीं आनंदराव वारले, तरी काम थांबलें नाहीं. विष्णुपंत दामले यांच्यासारखा हुन्नरी शिष्य हाताशीं धरून बाबूरावांनीं तें तडीस नेलें, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० सालीं लोकांपुढें आला. पुढें १ जून १९२९ रोजीं याच दामल्यांनीं फत्तेलाल, शांताराम, धायबर व कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात'ची स्थापना केली, तीहि कोल्हापुरांतच. पाहुणा मान डोलावतो. आमची छाती इंचभर फुगते. मग आम्ही घरीं येतों, दिवाणखान्यांत बसतों, आणि दूरचित्रवाणीच्या शेजारीं ठेवलेल्या एका लहानशा काळ्या पेटीच्या आज्ञेंत मुकाट्यानें वागूं लागतों.

या पेटीस सेट-टॉप बॉक्स म्हणतात. ती आमच्या घरांत असते, आमची वीज खाते, तिचें दरमहाचें देणें आम्ही भरतों. पण ती आमची नसते. तिनें काय दाखवावें, केव्हांपर्यंत दाखवावें, दाखविलेलें आम्हीं ठेवून घ्यावें कीं नाहीं, आणि ठेवलें तर तें किती दिवस व कोणत्या पडद्यावर पाहावें, हें सर्व दुसरा कोणी ठरवितो. ज्या गांवानें चित्र टिपण्याचें यंत्र स्वतःच्या हातांनीं घडविलें, त्याच गांवांतील सुशिक्षित कुटुंबें आज आपल्या दिवाणखान्यांत दिसलेलें चित्र जपून ठेवण्याचा अधिकार भाडें भरून परक्याच्या हवालीं करितात, हें आमच्या मतें लाजिरवाणें आहे. आणि त्याची कोणास लाज वाटत नाहीं, हें त्याहून लाजिरवाणें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस शेवटपर्यंत तिष्ठत बसावयास नको. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नोंदून ठेवणारें यंत्र प्रत्येक सुशिक्षित घरानें स्वतःचें बाळगावें. तें स्वतःचें म्हणजे केवळ पैसे देऊन आणलेलें नव्हे, तर ज्याच्या आंतील प्रत्येक आज्ञा वाचतां येते, बदलतां येते व दुसऱ्यास देतां येते असें. असें यंत्र आज एका जुन्या संगणकावर लिनक्स बसवून घरच्या घरीं तयार होतें. तें करणें हा रिकामपणचा छंद नसून कुटुंबाची स्मृति कोणाच्या ताब्यांत असावी या प्रश्नाचें उत्तर आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. स्वतःचें गाऱ्हाणें मासिकांत मांडणें प्रशस्त नव्हे, हें आम्ही जाणतों. पण जें आपल्यावर गुदरलें त्यावांचून माणूस सहसा शहाणा होत नाहीं. आमच्या मातोश्री ज्या महिला भजनी मंडळांत जात, त्या मंडळाचा कार्यक्रम एकदां एका मराठी वाहिनीवर झाला. मातोश्री दुसऱ्या रांगेंत झांज घेऊन बसल्या होत्या. कॅमेरा त्यांच्यावर उणेंपुरें अर्धें मिनिट थांबला असेल. पण तेवढ्या वेळांत त्या एका अभंगाचा चरण एकट्यानें म्हणाल्या. आमच्या घरीं त्या वेळीं नोंदणीची सोय असलेला एका कंपनीचा सेट-टॉप बॉक्स होता. आम्हीं तो कार्यक्रम त्यांत नोंदविला. पुढें दोन वर्षांनीं मातोश्री गेल्या. वर्षश्राद्धाच्या दिवशीं सर्व भावंडें जमलीं असतां तो कार्यक्रम लावावा असें ठरलें, तों बॉक्स सुरू होईना. कारागीर आला, त्यानें बॉक्स हलवून पाहिला आणि म्हणाला, "काळजी करूं नका साहेब, कंपनी दुसरा देते. फुकट."

दुसरा बॉक्स खरोखरच फुकट मिळाला. पण पहिल्यांत आमच्या आईचा आवाज होता, त्याची नोंद कोणत्याच हिशेबांत नव्हती. जुन्या बॉक्समधील हार्ड डिस्क आम्हीं मिनतवारीनें काढून घेतली आणि संगणकास जोडून पाहिली. डिस्क धडधाकट होती, कार्यक्रमहि तिच्यावर होता. पण तो गूढलिपींत होता आणि त्या लिपीची किल्ली त्या मेलेल्या बॉक्समध्येंच होती. कंपनीच्या फोनवरील मुलीनें अत्यंत सौजन्यानें सांगितलें कीं, सुरक्षिततेच्या दृष्टीनें अशीच व्यवस्था आहे. कोणाची सुरक्षितता, हें आम्हीं विचारलें नाहीं. बिचारीस तरी तें कोठून ठाऊक असणार?

या प्रसंगांत कोणी चोरी केली नाहीं, कोणी खोटें बोललें नाहीं, कोणी कर्तव्यांत चुकलें नाहीं. सर्व कांहीं करारांतील अटींप्रमाणें घडलें, आणि आमचा आक्षेप नेमका त्या अटींवरच आहे.

कोणी म्हणेल कीं, एका कुटुंबाच्या हळवेपणावरून एवढा गहजब कशास? म्हणून घराबाहेरचीं उदाहरणें देतों. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं चित्रफीत महाग असे. म्हणून एकदां दाखविलेल्या कार्यक्रमाच्या फितीवर दुसरा कार्यक्रम नोंदण्याचा प्रघात होता. या काटकसरींत किती नाटकें, किती मुलाखती, किती कविसंमेलनें पुसलीं गेलीं याची मोजदाद आतां कोण करणार? चिमणराव व गुंड्याभाऊ यांनीं त्या केंद्रावरून घराघरांत हंशा पिकविला; पण आज ती सबंध मालिका क्रमानें पाहूं म्हटलें तर सामान्य प्रेक्षकास ती मिळत नाहीं. विलायतेंतील बी.बी.सी.सारख्या श्रीमंत संस्थेनेंहि १९६०-७० च्या दशकांत हाच अविचार केला. तिच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे कित्येक भाग अद्याप बेपत्ता आहेत. पण त्या हरवलेल्या भागांपैकीं प्रत्येकाचा आवाज आज शाबूत आहे, आणि तो संस्थेनें जपला म्हणून नव्हे. कांहीं सामान्य प्रेक्षकांनीं आपल्या घरीं टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. जें मालकानें पुसलें तें प्रेक्षकानें राखलें.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मॅरियन स्टोक्स नांवाच्या बाई होत्या. त्या पूर्वीं ग्रंथपाल होत्या. १९७९ पासून २०१२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं दूरचित्रवाणीवरील बातम्या आपल्या घरीं अखंड नोंदून ठेविल्या. फितींची संख्या सत्तर हजारांच्या घरांत गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्या विक्षिप्त वाटल्या असतील तर नवल नाहीं. आज तोच संग्रह इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहे आणि अभ्यासक त्याचें मोल जाणतात. बाईंजवळ कोणतें अद्भुत यंत्र होतें? बाजारांत मिळणारा साधा व्हिडिओ रेकॉर्डर! पण त्या रेकॉर्डरमध्यें एक गुण होता, जो आमच्या बॉक्समध्यें नव्हता. त्यावर नोंदलेली फीत त्याच जातीच्या दुसऱ्या कोणत्याहि रेकॉर्डरवर चालत असे.

येथें आमच्या महाराष्ट्रांतील एका थोर पुरुषाची आठवण होते. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडले, वाड्यावाड्यांतील दप्तरें त्यांनीं धुंडाळलीं, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. तीं दप्तरें ज्यांनीं लिहिलीं त्यांस आपण इतिहास लिहीत आहों असें मुळींच वाटलें नव्हतें. कोणी देण्याघेण्याचा हिशेब लिहिला, कोणी व्याह्यास पत्र धाडलें. पण कागद घरांत होता, मोडी लिपि सर्वांची होती, म्हणून शंभर-दीडशें वर्षांनीं आलेल्या अभ्यासकास तो वाचतां आला. आतां अशी कल्पना करा कीं, पेशवाईंतील प्रत्येक कागद एखाद्या सावकाराच्या कुलपांत लिहिला गेला असता आणि सावकाराची पेढी बुडाली त्या दिवशीं सर्व अक्षरें निरर्थक झालीं असतीं. राजवाड्यांनीं काय वाचलें असतें? मोडी शिकतां येते. कंपनीची किल्ली शिकतां येत नाहीं.

आतां यंत्राविषयीं सांगतों. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें तें आमच्याकडून करवून घेतलें. करून दिलें असें म्हणत नाहीं, कारण त्यानें पेचकस आमच्याच हातीं दिला. माळ्यावर टाकलेला जुना संगणक खालीं काढला. त्यांत डीव्हीबी-एस२ जातीचें एक कार्ड बसविलें. उपग्रहाकडून डिशवर आलेली लहर संगणकास समजेल अशा आंकड्यांच्या प्रवाहांत आणणें एवढेंच त्याचें काम. गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशसाठीं वापरतात ती लहान डिश लावली. हा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशापाशीं आहे. कोल्हापुराहून डिशचें तोंड आग्नेयेस व क्षितिजापासून सुमारें साठ अंश वर करावें लागतें. डिश किंचित् डावीउजवीकडे सरकवीत बसण्यांत आमची एक संध्याकाळ गेली, आणि खालून पडदा पाहणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींचें "आलं, आलं, गेलं!" सर्व गल्लीनें ऐकलें.

संगणकावर डेबियन नांवाचें लिनक्स बसविलें. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्याहि आधीं, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनीं मुक्त आज्ञावलींचा जो उद्योग आरंभिला होता त्याशीं तो जुळला, आणि जगांतील हजारों लोकांनीं तो वाढविला. अशा कार्डांस चालविणाऱ्या आज्ञा त्या गाभ्यांतच लिहिलेल्या असतात. कार्यक्रम ठराविक वेळीं आपोआप नोंदण्यासाठीं टीव्हीहेडएण्ड, मिथटीव्ही, व्हीडीआर अशा निरनिराळ्या आज्ञावली आहेत. आम्हीं पहिली घेतली. यांपैकीं कशासहि किंमत पडत नाहीं. हें यंत्र आलेला प्रवाह पुन्हां दाबत नाहीं, बदलत नाहीं; जसा आला तसाच डिस्कवर उतरवितें. सेकंदास तीन मेगाबिट हा प्रवाहाचा वेग धरला तर तासाच्या कार्यक्रमास सुमारें सव्वा ते दीड गिगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर सातशें तासांहून अधिक कार्यक्रम मावतात. ही डिस्क उद्यां काढून दुसऱ्या कोणत्याहि संगणकास लावली तरी सर्व कांहीं दिसतें. काम पुरें झाल्यावर तो विद्यार्थी हात पुशीत म्हणाला, "सर, आत्ता ह्ये मशीन आपलं ऐकतंय. दुसऱ्या कुणाचं न्हाई." आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत इतकी नेमकी व्याख्या आम्हांस कधीं करतां आली नव्हती.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, हल्लीं सर्व कांहीं इंटरनेटवर मिळतें, मग घरीं सांठवून ठेवण्याचा खटाटोप कां? हा आक्षेप घेणाऱ्यांनीं 'मिळतें' या क्रियापदाचा अर्थ नीट पाहावा. जें आज दिसतें तें उद्यां हक्कांची मुदत संपली म्हणून नाहींसें होतें, आणि जाण्यापूर्वीं आपला निरोपहि घेत नाहीं. जुलै २००९ मध्यें अमेझॉन कंपनीनें ग्राहकांनीं पैसे देऊन घेतलेलें एक पुस्तक हक्कांच्या कांहीं घोळामुळें त्यांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकलें. तें पुस्तक जॉर्ज ऑरवेल यांचें '१९८४' असावें, हा तर नियतीचा विनोदच! पुस्तकाच्या दुकानदारानें रात्रीं घरांत शिरून फळीवरचें पुस्तक उचलून न्यावें आणि मेजावर पैसे ठेवून जावें, तर आपण त्यास काय म्हणूं? शिवाय जिल्ह्याच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीं होणारीं संभाषणें, भजनी मंडळाचे कार्यक्रम हें सर्व कोणी इंटरनेटवर जन्मभर ठेवील अशी हमी कोणी दिली आहे?

दुसरा आक्षेप रसिकांचा. दूरचित्रवाणीवर जपून ठेवण्यासारखें असतें तरी काय, असें ते नाक मुरडून विचारतात. आम्हीहि पुष्कळ दिवस त्याच पंथाचे होतों. पण कोणती गोष्ट टिकावी याचा निर्णय समकालीनांच्या नाकावर सोंपविला तर काय होतें, हें कोल्हापूरकरांस तरी सांगावयास नको. ज्या बाबूरावांचा स्तंभ आम्ही पाहुण्यांस दाखवितों, त्यांचे बहुतेक मूकपट आज कोठेंहि पाहावयास मिळत नाहींत. यंत्राचें स्मारक झालें. यंत्रानें टिपलेलें नाहींसें झालें. १९४८ सालीं गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठारास आग लागून कित्येक दुर्मिळ चित्रपटांचीं रिळें भस्म झालीं. एका ठिकाणीं ठेवलेली वस्तु एका ठिणगीनें जाते. ती पांचशें घरांत असती तर?

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो घेणारीं माणसें सज्जन असतात, म्हणून त्यास अधिक आदरानें उत्तर देतों. परक्याचा कार्यक्रम नोंदून ठेवणें ही चोरी नव्हे काय? १९५७ च्या आमच्या कॉपीराइट कायद्याचें ३९ वें कलम म्हणतें कीं, प्रसारणाची ध्वनि- वा दृश्य-नोंद करणाऱ्यानें ती स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं केली, तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाहीं. अमेरिकेंतहि चित्रपट कंपन्यांनीं सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर फिर्याद लावली होती. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, कार्यक्रम सवडीनें पाहण्यासाठीं घरीं नोंदून ठेवणें हा न्याय्य उपयोग होय. अर्थात् नोंद केलेल्या प्रती विकणें, वांटणें किंवा चव्हाट्यावर दाखविणें ही निराळी गोष्ट आहे, आणि तिचा पुरस्कार आम्ही करीत नाहीं. कंपनीचें कुलूप फोडण्याचाहि सल्ला आम्ही देत नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आलेलें ६५-अ कलम वाचल्यावर तो कोणी देऊंहि नये. आमची तक्रार एवढीच आहे कीं, कायद्यानें नागरिकाच्या एका हातावर जें ठेवलें, तें कुलपानें दुसऱ्या हातांतून काढून घेतलें. आणि आपण दोनहि हात जोडून उभे आहों.

चौथा आक्षेप वरवर पाहतां मोठा बिनतोड आहे. तो असा कीं, विकत वा भाड्यानें मिळणाऱ्या कित्येक पेट्यांत आंतून लिनक्सच असतें. मग निराळें यंत्र कशास? खरें आहे. १९९९ सालीं अमेरिकेंत टिव्हो नांवाची अशीच एक पेटी निघाली. तिच्यांत लिनक्स होतें, आणि परवान्याच्या अटीप्रमाणें त्याच्या आज्ञाहि कंपनीनें प्रसिद्ध केल्या होत्या. पण मालकानें त्यांत एखादी दुरुस्ती करून ती पेटींत घातली कीं पेटी चालण्यास नकार देई, कारण तिला फक्त कंपनीची सही ओळखतां येई. या युक्तीमुळें स्टॉलमन व त्यांचे सहकारी इतके सावध झाले कीं, २००७ सालच्या आपल्या नव्या परवान्यांत त्यांनीं तिच्याविरुद्ध स्वतंत्र तरतूद घातली. विहीर गांवानें खणली, पाणी गांवाचें. आणि एकानें येऊन तिला झांकण घातलें व वर आपलें कुलूप लावलें, तर 'पाणी तेंच आहे ना?' या प्रश्नास कांहीं अर्थ उरतो काय?

राहतां राहिला अडचणीचा आक्षेप. हें काम कठीण आहे, यंत्रांत गति असलेल्यांनींच तें करावें, असें आमचे समव्यवसायी म्हणतात. ज्यांनीं आयुष्यभर विद्यार्थ्यांस 'कठीण आहे म्हणूनच शिका' असें सांगितलें त्यांच्या तोंडीं हें शोभत नाहीं. पहिल्या आठवड्यांत आम्ही चार वेळां चुकलों. एकदां घड्याळ चुकीचें लावल्यामुळें नाटकाऐवजीं हवामान नोंदलें गेलें; एकदां वीज गेली आणि अर्धा कार्यक्रम गेला, तेव्हां इन्व्हर्टरची तार यंत्रापर्यंत आणली. पण आतां आमच्या सौभाग्यवती दुपारचा कार्यक्रम सकाळींच लावून ठेवितात आणि आम्हांस विचारीतहि नाहींत. परवां त्याच आम्हांस म्हणाल्या, "अहो, डिस्क भरत आली. तुमचीं तीं चर्चासत्रं पुसूं का?" यंत्र घरच्यांच्या आज्ञेंत आलें, याहून चांगला पुरावा आम्हांस देतां येणार नाहीं.

आमच्या बाजूचें दौर्बल्यहि लपवून ठेवीत नाहीं. हें यंत्र जें नोंदतें तें खुलें प्रसारण, मुख्यतः दूरदर्शनच्या वाहिन्यांचें. बहुतेक खाजगी वाहिन्या केबल वा डिशवरून घरीं येतात त्या कुलपांत बंद होऊन येतात. केबलच्या कायद्यांत २०११ सालीं झालेल्या दुरुस्तीनें तर सांकेतिक लिपींतील प्रसारण टप्प्याटप्प्यानें सर्व देशभर सक्तीचें केलें. चोरट्या जोडण्या थांबाव्या हा हेतु योग्य होता. पण चोरास अडविण्यासाठीं जें दार बसविलें त्याची किल्ली घरमालकास द्यावयाची कोणास आठवण राहिली नाहीं. २०२० सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें एका कंपनीचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या कंपनीसहि चालावा अशी शिफारस केली. शिफारस योग्य आहे. पण अपुरी आहे. बॉक्स कोणाचाहि चालो. त्यांत पैसे भरून पाहिलेला कार्यक्रम ग्राहकास आपल्या खाजगी उपयोगासाठीं मोकळ्या स्वरूपांत ठेवतां आला पाहिजे, अशी स्पष्ट मागणी ग्राहकांनींच केली पाहिजे. आणि जी दूरदर्शन-वाहिनी जनतेच्या पैशावर चालते, तिला तर कुलूप केव्हांहि लागतां कामा नये. आज ती उघडी आहे हें आपलें भाग्य. पण भाग्यावर विसंबून राहणाऱ्यास नागरिक म्हणत नाहींत.

कोल्हापूरकरांस एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्र केलें म्हणजे सर्व झालें असें नाहीं. आमच्या पावसाळ्यानें व्हिडिओच्या जुन्या फितींवर बुरशी चढविली हें ज्यांनीं त्या जपल्या त्यांस ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें पंचगंगा शहरांत शिरली, तेव्हां सखल गल्ल्यांतील कित्येक घरांत कपाटें पाण्याखालीं गेलीं. त्यांत लग्नांच्या फिती होत्या, फोटो होते. म्हणून जें मोलाचें आहे त्याच्या दोन प्रती कराव्या व एक दुसऱ्या गांवीं ठेवावी. आमच्या यंत्रांतील एक डिस्क दर दिवाळीस आमच्या भगिनीबरोबर सांगलीस जाते आणि तिची जुनी परत येते. कुलूप नसल्यामुळेंच हें शक्य होतें.

आमच्या मातोश्रींचा तो चरण परत मिळाला काय, असें वाचक विचारतील. नाहीं. डिस्क आमच्या मेजाच्या खणांत आहे. ती फेंकून देण्याचा धीर होत नाहीं आणि ती वाचण्याचा मार्ग नाहीं. आवाज हातभर अंतरावर असावा आणि ऐकूं येऊं नये, याचें दुःख ज्यास समजतें त्यास आमच्या लेखांतील उरलेला भाग वाचण्याची गरज नव्हती.

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' १९२५ सालीं निघाला. सावकाराच्या खोट्या कागदानें ज्याची जमीन गेली आणि ज्यास गांव सोडून शहरांतील गिरणींत मजुरी करावी लागली, अशा शेतकऱ्याची ती कहाणी. त्यांतील तरुण शेतकरी शांतारामांनीं रंगविला होता. पुढें १९३६ सालीं तो बोलपट म्हणून पुन्हां काढला गेला. पण तो पहिला मूकपट आज उपलब्ध नाहीं. शेतकऱ्यानें न वाचतां अंगठा उठविला, कारण त्यास वाचतां येत नव्हतें. आपणांस वाचतां येतें, आपण पदवीधर आहों, आणि तरी त्या काळ्या पेटीबरोबर आलेल्या बारीक अक्षरांच्या कागदाखालीं आपण बिनदिक्कत सही ठोकतों.

येत्या सुटींत माळ्यावरचा जुना संगणक खालीं काढावा. घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस हाताशीं घ्यावें. पेचकस मात्र आपल्या हातांत ठेवावा. पहिली नोंद कशाची करावी याचा फार विचार करूं नये. घरांतील वडीलधाऱ्या माणसास जें पाहावयास आवडतें, तें आधीं नोंदावें.